रस्त्यावरची पंगत आणि परत घेता येणारी संमती

या पृष्ठांत आम्ही पुस्तकांविषयी लिहितो, नाटकांविषयी लिहितो, क्वचित् एखाद्या जीर्णोद्धार झालेल्या सभामंडपाच्या रंगकामाविषयीही लिहितो. एखाद्या शहराच्या परवान्यांच्या नियमावलीवर टीकालेख लिहावा, असे आजवर आमच्या मनात आले नव्हते. परंतु न्यूयॉर्क शहराने उपाहारगृहांस रस्त्यावर टेबले मांडू देण्याविषयी २०२० पासून जे नियम केले, मोडले व पुन्हा केले, ते वाचता वाचता आमची खात्री झाली की नियमावली हीदेखील एक रचनाच असते. तिच्यातही पात्रे असतात. कोणास पुढे आणावयाचे व कोणास पडद्याआड ठेवावयाचे, हे तिचा कर्ता ठरवीत असतो. रस्ता कोणाचा, हा प्रश्न ज्यांच्या देवाची पालखी वर्षातून काही वेळा रस्त्यावरून जाते त्या आमच्या वाचकांस परका वाटू नये.

प्रथम मूळ कथानक सांगावयास हवे. न्यूयॉर्कच्या पदपथावर टेबले मांडणारी उपाहारगृहे पूर्वीपासून होती, पण थोडी. त्यांस शहराच्या ग्राहकविषयक खात्याचा परवाना लागे, मोजमापांचे नकाशे जोडावे लागत, वस्तीच्या सल्लागार मंडळापुढे जावे लागे; शिवाय नगररचनेच्या नियमांनी कित्येक रस्ते त्यांस मुळीच बंद होते. परवान्यांची संख्या हजार-दीड हजाराच्या आत होती आणि त्यांतील बहुतेक एकट्या मॅनहॅटन बेटावर होते. मोटारी जेथे उभ्या राहतात त्या वाटेत टेबल मांडण्याचा विचारही कोणी करीत नव्हते. मार्च २०२० मध्ये महामारीने भोजनाची दालने बंद पाडली. त्यानंतर २२ जूनपासून शहराने एकदम उलटे टोक गाठले. मालकाने संगणकावरून अर्ज भरावा, नियम पाळतो असे आपल्याच सहीने लिहून द्यावे, आणि पदपथावर व रस्त्याच्या कडेला टेबले मांडावीत. शुल्क काही नाही. दहा हजारांहून अधिक उपाहारगृहांनी ही मुभा घेतली. शहराच्या हिशेबाप्रमाणे सुमारे एक लाख लोकांच्या नोकऱ्या त्यामुळे वाचल्या. क्वीन्स, ब्रॉन्क्स व ब्रुकलिनच्या ज्या वस्त्यांत पूर्वी अशी टेबले जवळजवळ नव्हतीच, तेथे ती प्रथमच दिसू लागली. जुनी नियमावली किती थोड्यांसाठी लिहिलेली होती, हे त्यावरून उघड झाले.

संकटकाळी घाईने लिहिलेल्या ग्रंथात जे दोष असतात ते या पहिल्या आवृत्तीत होतेच. हिवाळा आला. उघड्यावर बसवेना, म्हणून टेबलांभोवती फळ्या आल्या, फळ्यांवर छप्पर आले, छपराखाली दिवे आणि शेगड्या आल्या. मोकळ्या हवेत बसून साथीपासून बचाव व्हावा म्हणून दिलेली जागा चारी बाजूंनी बंद झाली, आणि रस्त्यात एक खोली उभी राहिली. काही मालकांनी त्या खोल्या नेटक्या ठेवल्या, त्यांत फुलझाडे लावली. काहींनी त्या तशाच टाकून दिल्या; फळ्यांखाली पाणी साचले, उंदीर-घुशींनी घरे केली, झाडूवाल्यास कडेचा केर काढता येईना. रात्री उशिरापर्यंतच्या गलबल्यामुळे वरच्या मजल्यावरील रहिवासी त्रासले, आणि त्यांच्यापैकी काही न्यायालयात गेले. रहिवाशांची ही तक्रार सरसकट श्रीमंतांची कुरकुर म्हणून उडवून लावणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्याच्या खिडकीखाली मध्यरात्री पेले वाजतात, तो मनुष्य गरीब असला तरी त्यास झोप लागतेच असे नाही.

आता दुसरी आवृत्ती. ऑगस्ट २०२३ मध्ये नगरमंडळाने संमत केलेल्या कायद्यावर महापौर एरिक ॲडम्स यांनी सही केली. या कायद्याने पदपथावरची टेबले वर्षभर ठेवण्यास मुभा दिली. रस्त्यावरची मात्र १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढ्याच काळात. २९ नोव्हेंबर २०२४ पर्यंत रस्त्यातील जुन्या खोल्या काढून टाकणे भाग पडले. परवाना चार वर्षांचा. पदपथासाठी १,०५० डॉलर आणि रस्त्यासाठी तितकेच वेगळे; त्याखेरीज अनामत रक्कम, आणि व्यापलेल्या जागेवर चौरस फुटामागे दरसाल भाडे. हे भाडे वस्तीप्रमाणे साधारण ५ डॉलरपासून ३१ डॉलरपर्यंत ठेवलेले होते. पदपथावर जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी किमान ८ फूट वाट मोकळी हवी, गजबजलेल्या रस्त्यांवर त्याहून अधिक. रस्त्यावरची मांडणी ८ फुटांहून रुंद नको. आगीच्या बंबांस लागणारा नळ मोकळा हवा. आग विझविणाऱ्या गाड्यांस जाण्यापुरता १५ फुटांचा मार्ग हवा. छप्पर पक्के नको, छत्री किंवा कापड चालेल. जमीन सहज उचलता येईल अशी हवी, आणि कडेचे कठडे पाण्याने भरलेले हवेत, म्हणजे भरधाव मोटारीची धडक बसली तर जेवणारा वाचेल.

या कायद्यात आम्हांस सर्वांत अधिक आवडलेला शब्दप्रयोग मालकास मिळणाऱ्या हक्काच्या नावात आहे. शहर त्यास जागा विकत नाही, भाडेपट्ट्याने देत नाही. ते त्यास ‘केव्हाही परत घेता येईल अशी संमती’ देते. ही संज्ञा न्यूयॉर्कच्या कारभारात जुनीच आहे. रस्त्याखालून नेलेल्या खाजगी नळांस किंवा पदपथावर आलेल्या पायऱ्यांसही तीच लागू होते. पण टेबलांच्या प्रकरणात तिला विशेष शोभा आली आहे. रस्ता सर्वांचा, त्यावर कोणास काही काळ बसू द्यावयाचे तर उठण्याची अट बसण्यापूर्वीच सांगितलेली बरी. महामारीच्या पहिल्या मुभेत हीच अट विस्मृतीत गेली होती, आणि तिच्यावाचून फळीचे छप्पर व छपराची खोली झाली. लग्नाचा मांडव घालणाऱ्यास तो कधी उतरावयाचा हे ठाऊक असते, म्हणूनच शेजारी आपल्या दारात बांबू रोवू देतो. मांडव उतरलाच नाही तर पुढच्या लग्नाच्या वेळी शेजारी दार लावून घेईल. न्यूयॉर्कच्या रहिवाशांचे तसेच झाले होते, आणि हंगामाची अट घालून नगरमंडळाने त्यांचा राग पुष्कळसा शमविला. ही अट कायद्यातील जाचक भाग आहे असे अनेक उपाहारगृहवाले म्हणतात. आमच्या मते ती कायद्याचा कणा आहे.

एका जागेचे निरनिराळ्या वेळी निरनिराळे धनी असणे ही कल्पना आपणांस नवी नाही. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, आणि सराफांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर मध्यरात्रीपर्यंत खाणाऱ्यांची गर्दी लोटते. सराफ आणि खाद्यविक्रेते यांच्यात अलीकडे आगीच्या भीतीवरून व जागेवरून कुरबुरी झाल्या, हे खरे. तरी घड्याळाने केलेली ती वाटणी पुष्कळ काळ टिकली. न्यूयॉर्कने घड्याळाऐवजी पंचांग घेतले, इतकेच.

कायद्याचे तत्त्व आम्हांस मान्य असले तरी त्याचा अंमल कोणाच्या खांद्यावर पडला, हे पाहिले पाहिजे, आणि येथे टीकाकाराची लेखणी कठोर व्हावयास हवी. मांडव उतरविण्याचा खर्च कोणाचा? कठडे, तळाच्या फळ्या, छत्र्या नोव्हेंबरअखेर उचलावयाच्या, चार महिने कोठेतरी साठवावयाच्या, आणि एप्रिलमध्ये पुन्हा मांडावयाच्या. ज्या शहरात मनुष्यास राहावयास खोली मिळत नाही, तेथे फळ्यांस वखार कोठून मिळणार? शहराचे स्वतःचे भाडे स्वस्त वस्तीत फारसे नाही. ८ फूट रुंद व २० फूट लांब जागेस ५ डॉलरच्या दराने वर्षाला ८०० डॉलर पडतात, आणि एवढे एखादे साधे खाणावळवजा दुकानही देऊ शकेल. खरा भार उभारणीचा, काढणीचा, साठवणीचा आणि नकाशे काढून अर्ज करून देणाऱ्या जाणकाराचा. मोठ्या मालकास हा भार हिशेबाच्या वहीतील एक ओळ वाटते. कुटुंबाने चालविलेल्या बारा टेबलांच्या दुकानास ती सबंध वर्षाची शिल्लक वाटते. परिणामी महामारीच्या काळी जेथे दहा हजारांवर उपाहारगृहे रस्त्यावर आली होती, तेथे नव्या नियमांखाली अर्ज करणारी तीन हजारांच्या आसपास राहिली. तेही अर्ज वेळेवर निकालात निघाले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये हंगाम उघडला तेव्हा पूर्ण परवाना हाती असलेले थोडे होते, आणि बहुतेकांस शहराने सशर्त संमतीवर बसविले. त्याच वर्षी रस्त्यावरही वर्षभर बसू द्यावे असा प्रस्ताव नगरमंडळापुढे आला. तो मांडणाऱ्यांचा हेतू आम्हांस कळतो. परंतु पंचांग फाडून टाकण्यापेक्षा शहराने एक सार्वजनिक वखार बांधली असती आणि मंजूर नमुन्याचे कठडे भाड्याने दिले असते, तर अधिक बरे झाले असते. आपल्याकडे मांडववाला असतोच. प्रत्येक यजमान काही स्वतःचे बांबू बाळगीत नाही.

या हिशेबात आणखी एक पात्र आहे, ज्याचा उल्लेख कायद्यात जवळजवळ नाही आणि तरी सबंध नाटक त्याच्याभोवती फिरते. ते पात्र म्हणजे उभी मोटार. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेला मोटार उभी करण्याच्या जागा सुमारे तीस लाख धरल्या जातात, आणि त्यांतील फार मोठ्या भागास काही मोल पडत नाही. ज्या ८ फुटांसाठी उपाहारगृहाने अर्ज, नकाशा, सुनावणी, अनामत, भाडे आणि हंगाम इतकी सारी दिव्ये करावयाची, त्याच ८ फुटांत एक रिकामी मोटार बारा महिने अठरा काळ फुकट उभी राहू शकते. टेबलाने रस्ता अडतो आणि मोटारीने अडत नाही, हे गृहीत धरूनच हा कायदा लिहिला गेला. आम्ही टेबलावर भाडे आकारण्याच्या विरुद्ध नाही. सार्वजनिक जागेचा खाजगी नफ्यासाठी उपयोग करणाऱ्याने मोल द्यावे हे योग्यच. पण एकाच जमिनीच्या तुकड्यास दोन निरनिराळी मापे लावणारा दुकानदार आपण बाजारात पाहिला, तर त्याच्याकडून दुसऱ्यांदा धान्य घेतो काय?

याहून मोठी उणीव हातगाडीवाल्याच्या बाबतीत आहे. ती उणीव २०२३ च्या कायद्यातील नव्हे. त्याच्या शेजारच्या कायद्यातील आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावाचून शहराचे मन कळत नाही. उपाहारगृहांच्या रस्त्यावरील परवान्यांस न्यूयॉर्कने संख्येची मर्यादा घातली नाही. नियम पाळा आणि या. हातगाडीवर अन्न विकणाऱ्यांच्या परवान्यांवर मात्र १९८३ साली सुमारे तीन हजारांची मर्यादा घालण्यात आली, आणि ती पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हलली नाही. एवढ्या काळात शहरात जगाच्या पाठीवरून लोक आले, त्यांच्याबरोबर तामाले आले, मोमो आले, फलाफल आले, आमचा दोसाही आला. परवाने तेवढेच राहिले. मग जे व्हावयाचे ते झाले. शहर ज्या परवान्यास दोन वर्षांसाठी दोनशे डॉलर घेई, तोच चोरट्या बाजारात वीस हजारांच्या वर भाड्याने जाऊ लागला. ज्याच्या नावे परवाना तो घरी, आणि जो पहाटे गाडी ढकलतो त्याच्या नावे काही नाही, अशी स्थिती झाली. २०२१ साली नगरमंडळाने दहा वर्षांत सुमारे चार हजार नवे परवाने देण्याचे ठरविले, आणि ते परवाने गाडीवर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्याच्याच हाती राहावेत अशी तजवीज केली. ही सुधारणा चांगली होती, पण फार संथ. महामारीने संकटात सापडलेल्या उपाहारगृहासाठी जे शहर आठवड्याभरात नियम बदलू शकले, त्याच शहरास गाडीवाल्यासाठी दशक लागावे, यात आम्हांस कारभाराची अडचण कमी आणि दृष्टीचा दोष अधिक दिसतो. भिंत असलेल्यास रस्ता हा आपल्या भिंतीचा विस्तार म्हणून मिळतो. ज्यास भिंत नाही, त्याच्यासाठी रस्ता ही केवळ हटविले जाण्याची जागा.

आपल्या देशाने या बाबतीत कागदावर तरी अधिक औदार्य दाखविले, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. रस्त्यावर विक्री करून पोट भरणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग यांच्या प्रकरणात सांगितले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत त्यांस सामावून घेण्याची तरतूद, आणि निर्णय घेणाऱ्या नगर समितीत चाळीस टक्के जागा खुद्द विक्रेत्यांस, अशी व्यवस्था केली. अंमलाची कथा ज्याने त्याने आपल्या शहराच्या बाजारात जाऊन पाहावी. गोव्यातील बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई दिवसाचा सोपो देते. तिच्या हाती पावती येते, कधी येत नाही. पण तिचे बसणे त्या दिवसापुरते मान्य आहे, एवढे तरी त्या पैशाने सिद्ध होते. रस्त्यावर बसू देण्याची याहून साधी पद्धत आम्हांस ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या पंडितांनी चार वर्षांच्या परवान्याबरोबर दिवसाच्या परवान्याचाही विचार करावा, असे आम्ही गमतीने नव्हे, गंभीरपणे सुचवितो.

याच शहरात १९६१ साली जेन जेकब्स या बाईंनी आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते की पदपथ सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा त्यावर सतत वावरणाऱ्या ओळखी-अनोळखी माणसांच्या नजरेमुळे. त्यांचा हडसन रस्ता ज्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये होता, तेथेच पुढे टेबलांवरून सर्वांत कडवे वाद झाले, हा एक योगायोग. विल्यम व्हाईट यांनी शहरातील चौकांचे चित्रीकरण करून १९८० साली एक साधी गोष्ट सिद्ध केली: जेथे बसावयास जागा असते तेथे माणसे बसतात, आणि खुर्ची हलविता आली तर अधिक आनंदाने बसतात. २००९ साली टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा काही भाग मोटारींस बंद झाला तेव्हा शहराने तेथे साध्या घडीच्या खुर्च्या टाकल्या, आणि त्या पाहता पाहता भरून गेल्या. त्या खुर्चीवर बसण्यासाठी काही मागवावे लागत नव्हते. परवान्याच्या नियमावलीत आम्ही अशा खुर्चीचा शोध घेतला. ती सापडली नाही. ८ फुटांची मोकळी वाट चालणाऱ्यासाठी राखली आहे, टेबल पैसे देणाऱ्यासाठी; थकून क्षणभर टेकणाऱ्या म्हातारीसाठी नियमावलीत ओळ नाही. दर दहा खुर्च्यांमागे एक खुर्ची कोणासही, काही न मागवता बसता येईल अशी पदपथाच्या कडेला ठेवावी, एवढी अट घातली असती तरी रचनेस पूर्णता आली असती. क्वीन्समधील चौतिसाव्या ॲव्हेन्यूवर २०२० पासून सव्वीस गल्ल्यांच्या लांबीचा रस्ता दिवसाचा काही काळ मुलांस आणि म्हाताऱ्यांस मोकळा करून दिला गेला. ती रचना या नियमावलीहून खूपच सरस आहे, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच क्वीन्स भागात, फ्लशिंग येथे, बाऊन रस्त्यावर गणपतीचे देऊळ आहे. १९७७ साली त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि २०२२ साली शहराने त्या रस्त्यास देवळाचे नावही जोडून दिले. ज्या जॉन बाऊनच्या नावाने तो रस्ता ओळखला जातो, त्यास १६६२ साली आपल्या घरात दुसऱ्या पंथाच्या लोकांस प्रार्थनेसाठी जमू दिल्याबद्दल पकडण्यात आले होते. देवळाच्या तळघरातील उपाहारगृहाचा दोसा सबंध शहरात प्रसिद्ध आहे, आणि तो खाण्यासाठी भक्त नसलेलेही येतात. गणेशचतुर्थीच्या उत्सवात रथ बाहेर निघतो तेव्हा पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. काही तास तो रस्ता देवाचा होतो, मग पुन्हा बसगाड्यांचा. तेथील मंडळी ही परवानगी नेमाने मागतात, आणि तीत त्यांस काही कमीपणा वाटत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

इकडे मुंबई उच्च न्यायालयास २०१५ व २०१६ साली सांगावे लागले की रस्ता अडवून मंडप घालण्याचा हक्क कोणत्याही धर्माच्या उपासनेत अंतर्भूत होत नाही. मुंबई महानगरपालिका मंडपाच्या बांबूंसाठी रस्त्यात खणलेल्या दर खड्ड्यामागे दंड घेते, आणि दंडाची रक्कम वाढली की मंडळांकडून निषेध होतो. आमच्या वाचकांपैकी अनेक जण अशा मंडळांचे कार्यवाह, खजिनदार असतील. न्यूयॉर्कच्या उपाहारगृहवाल्यांनी हंगामाची अट ऐकून जे आक्षेप घेतले, ते त्यांनी एकदा शांतपणे वाचून पाहावेत. त्यांतील कित्येक वाक्ये त्यांस ओळखीची वाटतील. मंडप उतरल्यावर खड्डे कोण बुजवितो, याचा हिशेब आपल्या वार्षिक अहवालात कोणत्या पानावर असतो, हेही त्याच वेळी पाहावे.